सोन्या मऊ पडला

जाड मोजा, एकाच हाताचा. दुसऱ्या हाताचा कुठे गेला, ते कुणालाच माहीत नाही.

काचेच्या कपांचा एक संच, पाहुण्यांसाठी म्हणून आणलेला. आजवर एकाही पाहुण्याने त्यातून चहा घेतलेला नाही.

द्राक्षं, घडाने. पण इतकी बारीक, की सुईच्या टोकावर अख्खी बाग मावेल.

शाळेच्या मैदानावर एक माणूस शिट्टी वाजवून मुलांना गोळा करतो आणि सांगतो, की त्याचं गळू जगप्रसिद्ध आहे.

"आपण द्यावं. मागू नये." (हे कुणी शिकवलं ते आठवत नाही. शिकवलं मात्र पक्कं.)

एक गाय. तिचा या गोष्टीशी काय संबंध, ते गाईलाही ठाऊक नाही.

उणे ऐंशी

तोंडावर सगळे तिला मॅडम म्हणत आणि पाठ वळली की 'उणेऐंशी'. तिच्या ताब्यातल्या फ्रीझरचं तापमान शून्याखाली ऐंशी अंश असतं, हे एक कारण. दुसरं कारण तिची नजर. कुणी फ्रीझरचं दार जरा जास्त वेळ उघडं ठेवलं, की ती नजर पडायची, आणि मग ते दार लागायचं, तोंडंही बंद व्हायची. हे नाव तिच्या कानावर आलेलं होतं. तिला ते आवडायचं, पण तसं दाखवील तर ती उणेऐंशी कसली.

इमारतीच्या मागच्या अंगाला, जिन्याखालच्या बोळातून गेलं की तिचं राज्य सुरू व्हायचं. माणसापेक्षा उंच फ्रीझर ओळीने उभे. प्रत्येकाची गुरगुर वेगळी; डोळे मिटूनही ती सांगू शकायची की कोण आज कुरकुरतंय. आत खण, खणांत डबे, डब्यांत करंगळीच्या पेराएवढ्या कुप्या, आणि कुपीत गोठवून ठेवलेला जंतू. सगळे एकाच जातीचे: स्टॅफ. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर द्राक्षांचे घड.

तसा हा जंतू कुणाच्या अध्यात ना मध्यात. कित्येकांच्या नाकात पोटभाडेकरूसारखा मुकाट राहतो. पण कातडी फाटली की आत शिरतो, गळू करतो, आणि कधी रक्तात उतरला तर माणसाच्या जिवावर बेततं. पूर्वी औषधाचा एक डोस दिला की गपगुमान मरायचा. मग त्यातलेच काही निर्ढावले. औषधाला भीक घालीनात. असे निर्ढावलेले जंतू ठिकठिकाणच्या दवाखान्यांतून गोळा करून उणेऐंशीने एका छपराखाली आणले होते, आणि संशोधनासाठी जो मागेल त्याला ती त्यातला एकेक पाठवायची.

आता कुणी म्हणेल, असले गुंड जपून ठेवायचे कशाला? तर समजा, एकाने आपल्या दवाखान्यातल्या जंतूवर औषध तपासलं आणि दुसऱ्याने आपल्या, तर कुणाचं औषध सरस हे ठरवायचं कसं? दोघांच्या फुटपट्ट्या वेगळ्या. म्हणून सगळ्यांनी एकच जंतू वापरायचा. फुटपट्टी एक, मग मापात भांडण नाही.

त्या फुटपट्टीचं नाव होतं सोन्या. कागदोपत्री त्याला नंबर होता, पण प्रयोगशाळेच्या थाळीवर वाढवला की असा पिवळाधमक उगवायचा, की सोन्या हेच नाव चिकटलं. संग्रहातला सगळ्यांत जास्त मागणी असलेला, सगळ्यांत निगरगट्ट जंतू. तो आला होता उणेऐंशीच्या नवऱ्याच्या पोटरीतून, त्यांचं लग्न व्हायच्या आधी.

नवरा शाळेत खेळाचा मास्तर. तरुणपणी फुटबॉलच्या मैदानात घसरला, पोटरी खरचटली, खरचटल्याचं गळू झालं, आणि ते कुठल्याही औषधाला बधेना. शेवटी कापावं लागलं. फुटबॉलमध्ये त्याचं नाव कुणाला माहीत नाही. गळवाने मात्र नाव काढलं.

"आज कुठे गेला आमचा?" जेवताना त्याचा पहिला प्रश्न.

"समुद्रापलीकडे."

"बघ. मला अजून विमानात बसायला मिळालं नाही."

"त्याला बर्फात घालून पाठवतात. तुलाही पाठवते, बसतोस डब्यात?"

"गळवाच्या गोष्टी जेवताना नकोत," सासूबाई म्हणायच्या, आणि लगेच पुढे, "आणि एवढं कौतुक आहे, तर माझंही नाव घाला कुठेतरी. रात्रंदिवस शेकत मी बसले होते."

टेलिफोनच्या तारेचं तापमान

फोन केला होता औषधवालीने. ही दुसऱ्या शहरातली तरुण संशोधक. ती नवं औषध शोधत नव्हती. तिने एक पूड तयार केली होती. ती घातली की निर्ढावलेल्या जंतूची ढाल गळून पडते आणि जुनं, स्वस्त, दवाखान्यांच्या कपाटात धूळ खात पडलेलं औषध पुन्हा लागू पडतं, असं तिचं म्हणणं. म्हणणं सिद्ध करायला तिने सोन्या मागवला होता.

"मॅडम, एक सांगायचं होतं. रागावणार नाही ना?"

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन."

"सोन्या मेला."

"मग तुमची पूड चांगली दिसतेय."

"पूड घातलीच नव्हती, मॅडम. नुसत्या जुन्या औषधाने मेला."

उणेऐंशीने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. तेवढ्याने वाक्य बदलेल अशी आशा असावी.

"तुमचं औषध तपासून पाहा. थाळ्या तपासा. तुमचा हात तपासा."

"सगळं पुन्हा पुन्हा केलं."

"मग आणखी एकदा करा. आमच्याकडून चुकीचा माल जात नसतो."

फोन ठेवला. मग उगाच, फक्त स्वतःच्या खात्रीसाठी, तिने फ्रीझरमधून सोन्याची एक कुपी काढली.

यात काही गुंतागुंत नसते. थाळीत जंतूंचं अन्न पसरलेलं असतं, खरवसासारखं थलथलीत. त्यावर जंतू फासायचा. मधोमध औषधात भिजवलेली कागदाची छोटी गोल चकती ठेवायची. हिला त्यांच्याकडे टिकली म्हणत. मग थाळी अंगाइतक्या उबेत रात्रभर ठेवायची. जंतू निर्ढावलेला असेल तर टिकलीला खेटून उगवतो, तिची पर्वाच करत नाही. औषधाला घाबरणारा असेल तर लांब राहतो, आणि टिकलीभोवती रिकामं वर्तुळ पडतं. चंद्राला पडतं तसं खळं.

सदतीस

सकाळी खळं पडलेलं होतं. लहानसहान नव्हे. चांगलं ऐसपैस, आखून काढल्यासारखं, सुंदर खळं.

दुसरी कुपी. खळं.

तिसरी. खळं.

तिने स्टूल ओढलं आणि बसली. उणेऐंशीला बसलेलं त्या खोलीत कुणी पाहिलं नव्हतं.

मधेच, चुकीबद्दल

आता ही चूक कशी झाली ते सांगितलं पाहिजे. आणि हेही, की निष्काळजी माणसाच्या हातून ती होणं शक्यच नव्हतं.

जंतूच्या पहिल्या कुपीला ते आई म्हणतात. नव्या कुप्या भरायच्या त्या आईतून, असा नियम. पण दर वेळी आईला बाहेर काढायचं म्हणजे ती थोडी वितळणार, थोडी झिजणार. बाकीच्या आया उणेऐंशी बेधडक काढायची. सोन्याच्या आईला हात लावायला मात्र तिचा जीव धजेना. म्हणून तिने मुलीतून नात काढली, नातीतून पणती, पणतीतून पुढचं काय म्हणतात ते. दर पिढीला अन्न उत्तम, ऊब उत्तम, आणि औषधाचा थेंबही नाही. लढायची ढाल वागवणं हे जंतूलाही ओझंच असतं. शत्रूच येत नसेल तर ती पाठीवर घेऊन कोण फिरेल? सोन्याच्या पोरानातवंडांनी कधीतरी ती हळूच खाली ठेवून दिली, आणि हलक्या अंगाने भराभर वाढली. उणेऐंशी ते वाढणं बघून खूश होत राहिली.

"लाडाने बिघडला," हे सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं असतं. नंतर सांगितलंच.

वितळताना

पण आई होती ना. उणेऐंशीने नवा मोजा चढवला, जुन्या जोडीतला एक कधीचाच गहाळ झाला होता, आणि फ्रीझर उघडला. वरचा खण, अगदी पुढे, दारालगत. मानाची जागा. दार उघडल्यावर सगळ्यांत आधी ती कुपी दिसावी, म्हणून तिने मुद्दाम तिथे ठेवलेली.

कुपीतलं कणभर बर्फ खरवडलं. थाळीवर फासलं. ऊब दिली. एक दिवस वाट पाहिली, मग म्हातारी आहे, उठायला वेळ लागेल, म्हणून आणखी एक दिवस.

थाळी कोरी. आरशासारखी. तिने तोंड जवळ नेलं तर त्यात तिचंच नाक दिसलं.

तेव्हा तिला दाराचं लक्षात आलं. फ्रीझरचं दार दिवसातून कितीदा तरी उघडायचं, आणि बाहेरची हवा सगळ्यांत आधी जायची ती त्या मानाच्या जागेवर. प्रत्येक वेळी बर्फ जरासं ओलावायचं आणि पुन्हा गोठायचं. वर्षानुवर्षं. मागे अंधारात कोंबलेले, कुणी न विचारणारे जंतू ठणठणीत होते. दर्शनी ठेवलेली आई सगळ्यांच्या नजरेसमोर गेली, आणि कुणाला कळलंही नाही.

जेवणाचं तापमान

"म्हणजे मी आता साध्या औषधाने मरतो?" नवरा म्हणाला.

"तू नाही. सोन्या."

"एकच. मुलांना काय सांगू मी? परवाच त्या नव्या वर्गाला सांगितलं, की निम्मं जग माझ्या गळवाला घाबरतं."

"त्यांना सांग, निवृत्त झाला."

बोलताना ती हसली, पण घास हातातच राहिला. नवऱ्याने ते पाहिलं. शिट्टी गळ्यातून काढून त्याने टेबलावर ठेवली. ती त्याची गंभीर होण्याची खूण.

"खरं सांग. किती बिघडलंय?"

"खरा सोन्या मिळाला नाही तर त्याला संग्रहातून काढावं लागेल. आणि आजवर ज्यांनी ज्यांनी त्याच्यावर औषधं तपासली, त्यांचं मापलेलं पुन्हा कुणाला ताडून बघता येणार नाही. फुटपट्टीच हरवली म्हटल्यावर काय. त्या मुलीचं तर सगळं काम अडलंय. आणि मी तिला म्हटलं, तुमचा हात तपासा."

"मग कुणाकडे तरी असेलच की जुना. इतक्या जणांना वाटलास. माग त्यांच्याकडे."

"मी देणारी आहे. मागणारी नाही."

"का, मागितलं की तुझं तापमान वाढतं?"

सासूबाईंनी ताट पुढे ओढलं. "विरजण संपलं की मी नाही जात शेजारणीकडे? माझ्याच दह्याचं विरजण तिच्याकडे असतं. तीही येते. त्यात कसली आलीय लाज."

दुसऱ्या दिवशी उणेऐंशीने सोन्या नेणाऱ्यांना लिहिलं. काय झालं ते स्पष्ट, स्वतःचा दोष स्वतःच्या नावावर, आणि शेवटी एक ओळ: जुना सोन्या असेल तर कृपया थोडा द्या. ती ओळ तिने पुसली, लिहिली, पुसली, आणि पुन्हा लिहून झाल्यावर पाठवायचं बटण डोळे मिटून दाबलं.

उत्तरं, आली तशी

"आमच्याकडचा तुम्हीच गेल्या वर्षी पाठवलेला. तपासला. भलं मोठं खळं. अभिनंदन म्हणावं का?"

"तुमच्या अटीप्रमाणे काम झाल्यावर लगेच नष्ट केला."

"नष्ट केला. अट होती ना."

"आम्ही शिस्तीत नष्ट केला आणि तसं तुम्हाला कळवलंही होतं. तुम्ही शाबासकी दिली होती."

"फ्रीझर हलवताना डबा पडला. क्षमस्व. पण ते नसतं झालं तरी नष्टच केला असता."

"आमच्या सरांनी विचारलंय, हे खरंच तुम्हीच लिहिलंय ना? कृपया हा शब्द आहे म्हणून शंका आली."

अट तिचीच होती. जंतू देताना ती सही घ्यायची: काम झालं की नष्ट करा, परस्पर कुणाला देऊ नका. आपली वस्तू भलत्याच्या हाती पडून कुणी तिची वाट लावू नये, म्हणून. आणि लोक तिला असे घाबरून, की सगळ्यांनी अक्षरशः पाळली होती.

सगळ्यांनी म्हणजे एक सोडून.

उधळ्या

हे नाव तिनेच ठेवलेलं. आता निवृत्त झालेला एक प्राध्यापक. तिच्याकडून नेलेले जंतू तो कुणालाही द्यायचा. विद्यार्थ्यांना, शेजारच्या कॉलेजला, परिषदेत चहाच्या रांगेत ओळख झालेल्याला. कळलं तेव्हा तिने त्याला असं खरमरीत पत्र लिहिलं होतं, की तो ते फ्रेम करून भिंतीवर लावतो असं ऐकिवात होतं. त्यानंतर संग्रहातली एकही कुपी त्याच्याकडे गेली नव्हती. तिने त्याला या वेळीही लिहिलं नव्हतं.

फोन मात्र करावा लागला.

"ओळखलंत का?"

"रिसीव्हर कानाला गार लागला, तेव्हाच ओळखलं."

"मला सोन्या पाहिजे."

"काय पाहिजे?"

"सोन्या. जुना. तुम्ही अगदी सुरुवातीला नेला होतात तो."

"बाई, तुमच्या अटीत होतं की नष्ट करा."

"केलात का?"

"मी आणि तुमचं ऐकणार?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपलं ऐकलं नाही याचा उणेऐंशीला आनंद झाला. तिने तो आवाजात येऊ दिला नाही. "मग पाठवता का? म्हणजे, पाठवाल का?"

"माझ्याकडे नाही. माझा फ्रीझर निवृत्तीनंतर दुसऱ्याने घेतला." तो थांबला. मुद्दामच थांबला असणार. "पण जायच्या आधी मी वाटून टाकला होता. एक त्या गुरांच्या डॉक्टरणीला दिला. ती शिकवते ना, तिला वर्गात दाखवायला पाहिजे होता. गाईंच्या कासेला सूज येते, ती पुष्कळदा याच जंतूने."

"अजून असेल तिच्याकडे?"

"बघतो विचारून. पण एका अटीवर."

"सही कुठे करू?"

"सही नको. घेऊन आलो तर चहा पाजायचा. बसवून. गेल्या वेळी तुम्ही मला बोळातच उभं ठेवलं होतंत."

गाईचं तापमान

गुरांची डॉक्टरीण उंचीने लहान, आवाजाने मोठी. गोठ्यातल्या गाईंच्या वर आवाज काढायची सवय लागलेली. उधळ्याच्या मागोमाग ती बोळातून आली, हातात डबा. डब्यात डबा, त्यात आणखी एक, सगळे नियमाप्रमाणे बंद. उणेऐंशीने झाकणं तपासली आणि मान हलवली. उधळ्या तिच्या मानेकडेच बघत होता.

"खडूस आणलाय तुमचा," डॉक्टरीण म्हणाली.

"कोण?"

"आमच्याकडे याचं नाव खडूस. कशानेच मरत नाही. दर सत्रात पोरं पैज लावतात आणि हरतात."

"तुम्ही वाढवता कशावर?" उणेऐंशीने विचारलं.

"औषध घातलेल्या थाळीवर. कायम. का, चुकतं का काही?" ती जरा ओशाळली. "त्याचं काय आहे मॅडम, आमची पोरं गोठ्यातून थेट वर्गात येतात. हात धुतात म्हणतात. साध्या थाळीवर काहीही उगवतं, गवतच उगवायचं बाकी राहतं. औषध घातलं की बाकीची घाण मरते आणि खडूस तेवढा राहतो. आमची स्वच्छता बेताची, म्हणून ही युक्ती."

उणेऐंशीने डोळे मिटले. तिच्या लख्ख, निर्जंतुक, पुसून पुसून झिजलेल्या खोलीत सोन्या बिघडला होता, आणि शेणाच्या बुटांच्या वर्गात टिकला होता, कारण तिथे त्याला एक दिवसही सुखाने जगू दिलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "काही चुकत नाही."

थाळी, जंतू, टिकली, ऊब. दोघांना तिने घरीच मुक्कामाला नेलं. रात्री नवऱ्याने डॉक्टरणीला पोटरीवरचा व्रण दाखवला. तिने तो गुरांचा बघावा तसा, बोटाने दाबून बघितला.

"चांगला भरलाय. बैल असता तर दुसऱ्याच दिवशी कामाला लावला असता."

"खडूस म्हणतात म्हणे त्याला तुमच्याकडे," नवऱ्याच्या आवाजात अभिमान मावेना.

"बापावर गेलाय," सासूबाई म्हणाल्या.

सकाळी तिघंही उबेच्या कपाटासमोर उभी राहिली. उणेऐंशीने थाळी बाहेर काढून उजेडाकडे धरली.

जंतू टिकलीला खेटून उगवला होता. चहूबाजूंनी. दाट, पिवळाधमक, उर्मट. खळ्याचा मागमूस नाही.

मग उधळ्या घसा खाकरून म्हणाला, "बाई, तुम्ही हसताय. काळजी घ्या, फ्रीझर वितळतील."

नंतरचं, थोडं विस्कळीत

औषधवालीला तिने स्वतः फोन केला. "तुमचा हात बरोबर होता. माझा चुकला," एवढंच म्हणाली आणि मग ती मुलगी पलीकडे काहीच बोलेना, तेव्हा विचारलं, "आहात का?" "आहे मॅडम. बसले. उभी होते." पुढे त्या मुलीनेच खडूसची जनुकं वाचून पाहिली आणि सांगितलं, की तो नक्की सोन्याच. घराणं तेच, ढालीसकट.

जागेचा शोध घेताना, म्हणजे नव्या आईसाठी अगदी खालच्या खणात, मागे, अंधारात जागा करताना, तिला दुसऱ्या हाताचा मोजा सापडला. गोठून ताठ झालेला, पाचही बोटं वर. कुणीतरी आतून हात केल्यासारखा. त्याच्या शेजारीच तिने आईला ठेवलं.

सगळ्या आया तिने एकाच फ्रीझरात ठेवायचं सोडलं. एकेक प्रत गुरांच्या कॉलेजात गेली, एकेक औषधवालीकडे. गोठ्याजवळच्या त्या खोलीत आपला सगळा संग्रह आहे, या विचाराने पहिले काही दिवस तिला झोप लागली नाही. मग लागली.

अट बदलली. आता जंतू मागवणाऱ्याला सही करावी लागते ती अशी: एक प्रत स्वतःजवळ ठेवीन, एक भरवशाच्या माणसाला देईन, कुणाला दिली ते कळवीन. लोकांना वाटलं, ही काहीतरी परीक्षा आहे. कित्येकांनी फोन करून विचारलं, की खरंच द्यायची का? "द्या," उणेऐंशी म्हणायची, "आणि दिली नाहीत तर मी येऊन बघेन." मग देत.

चहाचं राहिलं. मुक्कामाच्या त्या सकाळी, थाळी बघून घरी परतल्यावर, उधळ्याने तिला अटीची आठवण करून दिली. सासूबाईंनी कपाट उघडलं आणि पाहुण्यांसाठीचा तो संच काढला. कपांत धूळ, बशीत मेलेला कोळी.

"एवढे देखणे कप, आणि कपाटात?" उधळ्या म्हणाला.

"जपून ठेवलेत," सासूबाई म्हणाल्या. "पुढेच ठेवलेत, दिसावेत म्हणून."

उणेऐंशीला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली, आणि सासूबाईंना कळेना यात हसण्यासारखं काय आहे, म्हणून त्या रागावल्या, मग त्याही हसल्या. कप धुतले. एकाचा कान धुतानाच निघाला. तो उधळ्याने मागून घेतला आणि दोन्ही हातांत धरून प्यायला.

"चहा कोमट आहे," तो म्हणाला.

"माझ्याकडून एवढाच गरम मिळेल," ती म्हणाली.

खऱ्या सोन्यावर औषधवालीची पूड पहिल्या खेपेला चाललीच नाही. दुसऱ्या खेपेला तिने प्रमाण बदललं. तिने पाठवलेला फोटो उणेऐंशीने बोळाच्या तोंडाशी, उजेडात येऊन बघितला. नुसत्या औषधाच्या टिकलीला सोन्या खेटून बसलेला. पूड घातलेल्या टिकलीभोवती खळं. मोठं नव्हे. नखाएवढं, कडेला जरा फाटलेलं. पण या खळ्यावर कुणालाही विश्वास ठेवता आला असता.

नवऱ्याला तिने तो फोटो शाळेत पाठवला. त्याने शिट्टी वाजवली आणि मुलांना गोळा केलं.

त्याचं गळू कापलं त्या दिवशी, म्हणजे लग्नाच्या कितीतरी आधी, नमुना घ्यायला आलेल्या मुलीचे हात फार गार आहेत, अशी तक्रार पेशंटने नर्सकडे केली होती.